गूगलवर काय टाकायचं?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी दोन संगणक आहेत. तिथे येऊन बसणाऱ्यांना हवं ते शोधून द्यायला मदत करणं हा ग्रंथपाल म्हणून माझ्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे. माणसं येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो हाच: "मॅडम, गूगलवर काय टाकायचं?" हा प्रश्न साधा नाही. शोधण्यातली निम्म्याहून जास्त मेहनत या एका प्रश्नात आहे.

एका दुपारी अकरावीतला मुलगा धापा टाकत आला. "आजीला नागीण झालीय. मोबाइलवर बघतोय तर नुसते साप येतात." त्याने "नागीण" एवढा एकच शब्द टाकला होता. साप आले होते, एका मालिकेचे भाग आले होते. मग त्याने "नागीण कशी बरी करायची" असं टाकलं. त्यावर मंत्र टाकून उतरवणाऱ्यांचे आणि पाल्याचा लेप सांगणाऱ्यांचे व्हिडिओ आले. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हेही त्यात ठासून सांगितलेलं. पोरगं घाबरून गेलं होतं.

आम्ही दोघं बसलो आणि "नागीण त्वचारोग" असे दोन शब्द टाकले. साप गेले. आलेल्या मराठी लेखांत आजाराचं वैद्यकीय नाव होतं, हर्पिस झोस्टर. ते नाव टाकल्यावर मोठ्या रुग्णालयांची आणि आरोग्य संस्थांची पानं उघडली. कांजिण्यांचा विषाणू अंगात वर्षानुवर्षं दडून राहतो आणि पुढे केव्हातरी एका मज्जातंतूच्या वाटेने उफाळतो. पुरळ बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं उठतं ते यामुळे. विळख्याची भीती खोटी आहे. पण एक गोष्ट मात्र घाईची होती. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा चांगला उपयोग होतो. "पुरळ कधी उठलं?" मी विचारलं. "काल सकाळी." तो तसाच उठला आणि आजीला घेऊन दवाखान्यात गेला.

शोधाचं मर्म या अर्ध्या तासात होतं. आपण आपल्या मनातला प्रश्न टाकतो. शोधयंत्र मात्र शेवटी कुणीतरी लिहिलेली पानं शोधत असतं. म्हणून आधी स्वतःला विचारायचं: मला हवं ते ज्या पानावर असेल, ते पान कोणी लिहिलं असेल, आणि त्या माणसाने कोणते शब्द वापरले असतील? डॉक्टर "नागीण" लिहीत नाहीत. तहसील कार्यालय "आजोबांची जमीन बाबांच्या नावावर करणे" असं लिहीत नाही, "वारस नोंद" आणि "फेरफार" असं लिहितं. आपला शब्द आणि पानावरचा शब्द यांच्यात अंतर असेल, तर शोध त्या अंतरात हरवतो.

यंत्राचं काम कसं चालतं तेही थोडं माहीत हवं. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी केलेलं "आर्ची" फक्त फायलींची नावं शोधायचं. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी सुरू केलेली याहूची यादी माणसं हाताने लावत, आमच्या ग्रंथालयातल्या तालिकेसारखी. १९९५ च्या अल्टाव्हिस्टात पानांतला सगळा मजकूर शोधता येई. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल काढलं तेव्हा त्यात एक विचार नवा होता. ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते पान वर यावं, असा तो विचार. आता क्रम ठरवताना याखेरीज कितीतरी गोष्टी धरल्या जातात. तुम्ही कुठे आहात, पान किती ताजं आहे, तुमची भाषा कोणती, हे सगळं त्यात येतं.

नवख्याने ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की शोधयंत्र त्या क्षणी सारं इंटरनेट धुंडाळत नाही. ते आपण आधी करून ठेवलेल्या सूचीत बघतं, पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. जे सूचीत नाही ते त्याच्या लेखी नाही. व्हॉट्सॲपच्या गटातला मजकूर तिथे नसतो. जिल्हा, तालुका, गाव निवडल्याशिवाय जो कागद उघडत नाही तोही नसतो. गट नंबर गूगलवर टाकून सातबारा मिळत नाही तो म्हणूनच. गूगलने फार तर जमिनीच्या नोंदींच्या "महाभूमी" या सरकारी संकेतस्थळाच्या दारापर्यंत न्यावं, आत आपल्यालाच जावं लागतं.

मराठीत शोधणाऱ्यांच्या वाटेत आणखी काही खड्डे आहेत. इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शनात त्यांचा उल्लेख येत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला खड्डा विभक्तीचा. इंग्रजीत शहराचं नाव वाक्यात कुठेही तेच राहतं. आपलं पुणे पुण्यात, पुण्याहून, पुण्याचं असं रूप बदलत जातं. नेहमीच्या शोधात यंत्र यातलं बरंचसं सांभाळून घेतं. पण अवतरणचिन्हं घालून नेमका शब्दसमूह शोधायला गेलात तर एका प्रत्ययाने शोध फसतो. अशा वेळी दोन-तीन रूपं वेगवेगळी टाकून पाहावीत.

दुसरा शुद्धलेखनाचा. ऱ्हस्व-दीर्घाची साधी चूक यंत्र सुधारून घेतं. आडनावं, लहान गावांची नावं आणि बोलीतले शब्द यांत मात्र त्याला चूक कळतेच असं नाही. जुनं पुस्तक शोधताना १९६२ हे साल आठवावं. मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम त्या वर्षी आले आणि न उच्चारलेले अनुस्वार गेले. त्याआधीचा मजकूर "नांव", "कांहीं", "गांव", "येथें" असा छापलेला आहे. शंभर वर्षांपूर्वीचा लेख शोधायचा तर शंभर वर्षांपूर्वीच्या वळणाने टाइप करून पाहावं.

तिसरा खड्डा डोळ्यांना दिसतच नाही. "दऱ्या" हा शब्द संगणकात दोन वेगळ्या रीतींनी साठवता येतो. एकात नुक्ता असलेला स्वतंत्र ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. "ॲप"मधल्या ॲचंही तसंच आहे, कारण ते अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामायिक अक्षरसंचात, स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि अजूनही पुष्कळजण तसंच लिहितात. मोठी शोधयंत्रं हा फरक बहुधा ओळखतात. पण एखादी पीडीएफ उघडून तिच्यात कंट्रोल आणि एफ दाबून "सुऱ्या" शोधलात आणि काहीच सापडलं नाही, तर शब्द तिथे नाहीच असं ठरवू नका. "सु" एवढंच टाकून पुन्हा पाहा.

चौथा सगळ्यांत खोल. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टाइप होई, त्यांत पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत रोमन अक्षरं असत. तो फॉन्ट नसेल तर समोर निव्वळ कचरा दिसे. कितीतरी जुन्या बातम्या, अहवाल आणि स्मरणिका आजही तशाच पडून आहेत. शोधयंत्राला त्यांत मराठी दिसतच नाही. स्कॅन केलेल्या पानांचीही हीच गत, कारण ती नुसती चित्रं असतात. यावर थोडा उपाय आहे. गूगल लेन्सने पानावर मोबाइल धरला तर छापील देवनागरी ते बऱ्यापैकी वाचतं आणि मजकूर नक्कल करून घेता येतो.

पाचवा हिंदीचा. लिपी एक असल्याने "कापूस भाव" नीट चालतं, पण "सरकारी योजना" टाकलं की हिंदी पानांचा लोंढा येतो. शोधात एखादा अस्सल मराठी शब्द घालावा: "आणि", "कशी", "शेतकऱ्यांसाठी", "अर्ज कुठे करायचा". रोमन लिपीत मराठी लिहून शोधणं मी टाळायलाच सांगते. मराठी टाइप करणं जड जात असेल तर बोलून शोधावं. गूगलचा आवाजी शोध २०१७ पासून मराठी समजतो. नऊवारीतल्या एक मावशी आमच्याकडे येतात. त्यांना लिहिता येत नाही, पण मोबाइलला नीट सावकाश विचारून त्या रोज बाजारभाव ऐकतात.

आणि आकडे. "१९७२" आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल, दोन्ही टाकून पाहा. बहात्तरच्या दुष्काळावर प्रकल्प करणाऱ्या मुलांना मी आणखी दोन शब्द दिले होते, "सुकडी" आणि "मिलो". कामावरच्या मजुरांना मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो हे शब्द ज्यांनी तो दुष्काळ भोगला त्यांच्याच आठवणींत येतात. "महाराष्ट्र दुष्काळ" टाकल्यावर सरकारी आढावे आले होते. या दोन शब्दांनी माणसांच्या आठवणी वर आल्या. विषयातला आतला शब्द हाती असला की शोध असा एकदम खोल उतरतो.

नावं बदलतात हेही विसरू नये. औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबाद धाराशिव, अहमदनगर अहिल्यानगर. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आहेत. जुने कागद जुन्या नावाखाली आणि नवे नव्या नावाखाली आहेत, म्हणून दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

युक्त्यांविषयी थोडक्यात. नेमका शब्दसमूह हवा तर तो अवतरणचिन्हांत टाका. कवितेची अर्धी ओळ आठवत असेल तर याने पूर्ण कविता हाती लागते. नको असलेला शब्द वगळायचा तर त्याला लागून आधी वजाचं चिन्ह द्या. नागिणीसाठी "नागीण" लिहून पुढे उणे मालिका. एकाच संकेतस्थळात शोधायचं तर रोमन लिपीत "साइट" हा शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम, त्यालाच चिकटून पत्ता, आणि मग जागा सोडून आपले शब्द. पत्त्याच्या जागी नुसतं "गव्ह डॉट इन" टाकलं तरी फक्त सरकारी पानं येतात. माझ्याकडे येणाऱ्या स्पर्धापरीक्षेच्या मुलांना मी पहिल्या दिवशी हीच एक युक्ती शिकवते, कारण क्लासच्या जाहिराती तिने एका फटक्यात बाजूला होतात. बातमी ताजी हवी असेल तर साधनांच्या यादीतून काळ निवडता येतो.

पण प्रत्येक गोष्टीसाठी शोधयंत्राच्याच दारात जायला हवं असं नाही. चांगल्या ग्रंथपालाला पुस्तक कोणत्या कपाटात असेल हे आधीच माहीत असतं. इंटरनेटवरही अशी कपाटं आहेत. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश आता सगळा खुला आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोशही आहे. शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाचं दक्षिण आशियाई कोशांचं संकेतस्थळ मला फार मोलाचं वाटतं. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश तिथे शब्दागणिक शोधता येतात. आजी वापरायची तो एखादा हरवलेला शब्द तिथे सापडला की जो आनंद होतो तो सांगता येणार नाही. इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं आहेत, आणि बंद पडलेल्या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती पाहायची सोयही तिथे २००१ पासून आहे. शासन निर्णय हवा तर शासनाच्याच संकेतस्थळावर विभाग आणि तारीख निवडून शोधावा. प्रत्येक निर्णयावर संगणक संकेतांक असतो आणि त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. "नवा जीआर आला" म्हणून फिरणाऱ्या कागदावर हा संकेतांक नसेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. असला, तरी तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. पिकांसाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं आहेत. सोयाबीन पिवळं पडलं म्हणून दुकानदाराच्या व्हिडिओतली फवारणी करण्याआधी त्यांची पानं वाचावीत. लोहाच्या कमतरतेत कोवळी पानं पिवळी होतात पण शिरा हिरव्या राहतात. पिवळ्या मोझॅकमध्ये हिरवे-पिवळे चट्टे पडतात आणि तो रोग पांढरी माशी पसरवते. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

आता मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. वरचं पान म्हणजे खरं पान, असा समज नवख्यांत सर्रास असतो. पण पहिल्या एक-दोन ओळी पुष्कळदा जाहिराती असतात आणि त्यावर बारीक अक्षरांत "प्रायोजित" लिहिलेलं असतं. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी बँकेचा तक्रार क्रमांक गूगलवर शोधला. जो वर आला तो फिरवला. पलीकडच्या माणसाने गोड बोलून मोबाइलमध्ये एक ॲप घ्यायला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत पेन्शनच्या खात्यातले पैसे गेले. सर दोन आठवडे घरातून बाहेर पडले नाहीत. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: ग्राहकसेवेचा क्रमांक शोधून फिरवू नका, तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये "बँक डॉट इन" हा वेगळा पत्ता आणला आहे, तो नीट वाचून घ्या. सातबाऱ्याचंही तेच. बिनसहीचा उतारा पाहायला पैसे लागत नाहीत आणि डिजिटल सहीचा अगदी थोडक्या शुल्कात मिळतो. त्यासाठी शेकडो रुपये मागणारं पान सरकारी नव्हे. फसगत झालीच तर लाजून बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

पान खरं की खोटं हे पानाकडे टक लावून बघत बसलं तर कळत नाही. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली होती. शिकलेसवरलेले अभ्यासकसुद्धा देखण्या पानांना फसले. तपासनीस मात्र पान वाचत बसले नाहीत. त्यांनी लगेच दुसरी खिडकी उघडून या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते पाहिलं. ही सवय कुणालाही लावून घेता येते. फोटोचंही तसंच करावं. पुराचा, अपघाताचा फोटो पुढे ढकलण्याआधी लेन्समध्ये टाकावा. तोच फोटो चार वर्षांपूर्वी दुसऱ्या गावाचा म्हणून छापलेला सापडतो, हे आम्ही वाचनालयात किती वेळा पाहिलं आहे.

अलीकडे शोधाच्या वरच तयार उत्तर येतं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, आणि गूगलची यंत्राने लिहिलेली उत्तरं भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी मे महिन्यात अमेरिकेत त्यांनी पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून डिंक लावायचा सल्ला दिला होता, कारण कुणीतरी पूर्वी गमतीत लिहिलेलं वाक्य यंत्राने खरं मानलं. मराठीतला मजकूर मुळात कमी, म्हणून मराठीत अशी चूक ओळखू येणंही अवघड. तरीही मी ही साधनं टाकून द्या म्हणणार नाही. शब्द शोधायला ती उत्तम आहेत. "नागीण या आजाराचं वैद्यकीय नाव काय, वारस नोंदीला कार्यालयीन भाषेत काय म्हणतात" हे त्यांना विचारावं. मिळालेला शब्द घेऊन मूळ पानावर जावं आणि औषधाचं प्रमाण, कायद्याचं कलम, अर्जाची शेवटची तारीख तिथेच वाचावी.

इतकं करूनही काही गोष्टी सापडणार नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारातले मोडी कागद अजून माणसांनीच वाचायचे आहेत. तुमच्या गावच्या शाळेची स्थापना, विहिरीची कथा, पंचक्रोशीतल्या शाहिराचं नाव शोधलंत आणि काही आलं नाही, तर दोष बहुधा तुमच्या शोधाचा नसतो. ते कुणी लिहिलेलंच नसतं, नाहीतर जुन्या फॉन्टात आणि स्कॅनच्या चित्रांत अडकलेलं असतं. म्हणून एक विनंती आहे. तुमच्याकडे गावाच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका असेल, आजोबांची वही असेल, संस्थेचा अहवाल असेल, तर तो युनिकोड मराठीत टाइप करा, गावाचं नाव आणि साल नीट लिहा, आणि मराठी विकिपीडियाच्या नियमांत बसत असेल तर तिथे, नाहीतर आपल्या वाचनालयामार्फत खुला करा. टाइप करायला कुणी नसेल तर वही घेऊन वाचनालयात या, दुपारी तीननंतर दुसरा संगणक रिकामा असतो.